खाडीला वाली कोण?



वर्षावासातील एका रविवारी आम्ही डोंबिवली पश्चिमेला खाडीलगतच्या एका वस्तीत गेलो होतो. विहारातले ग्रंथवाचन आटोपले, चहा झाला, मंडळी पांगू लागली. तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा असलेल्या मावशींनी एक प्लॅस्टिकची पिशवी आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हापिसातलं माणूस. हे वाचा आन् सांगा, आता कुठं जायाचं?"

पिशवीत पाच पत्रे होती. पाच निरनिराळ्या कार्यालयांची, पाच निरनिराळ्या शिक्क्यांची. मजकूर मात्र एकच. सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपण संबंधितांकडे अर्ज सादर करावा.

हकीकत अशी. आदल्या पावसाळ्यात त्या वस्तीतला सहावीतला एक मुलगा खाडीच्या जुन्या धक्क्यावर चेंडू आणायला उतरला. पायऱ्यांचे दगड सुटलेले, वर शेवाळ, आणि भरतीची वेळ. पोरगा घसरून पाण्यात गेला. जवळच होडी लावून बसलेल्या एका रेतीवाल्याने उडी मारून त्याला बाहेर काढले, म्हणून तो वाचला. हात दोन ठिकाणी मोडला आणि शाळेचे एक सत्र बुडाले. त्याची आई घरकाम करते, बाप बिगारी. प्लास्टर निघेपर्यंत आईला दोन घरची कामे सोडावी लागली. यावर महिला मंडळाने अर्ज केला तो फक्त तीन गोष्टींसाठी. पायऱ्या नीट कराव्यात, कठडा लावावा आणि एक दिवा द्यावा. कोणी पूल मागितला नव्हता की जेट्टी.

ते पत्रातले वाक्य आम्ही चांगले ओळखतो. वीस वर्षांच्या कारकुनीत आम्हीही ते कित्येकदा टाइप केले आहे. दर वेळी त्यात खोटेपणा असतो असे नाही. मावशींच्या पिशवीतल्या पाचही पत्रांत खोटे काही नव्हते, आणि आम्हांला अस्वस्थ केले ते त्यानेच. कोणी लाच मागितली असती, कोणी अर्ज हरवला असता, तर भांडायला तोंड तरी असते. इथे प्रत्येक जण नियमाने बरोबर होता आणि पायरी मात्र तुटलेलीच होती.

खाडीच्या एका ओंजळभर पाण्याला किती धनी आहेत ते पाहा. तळाची रेती महसूल खात्याची. तिचा लिलाव आणि परवाने जिल्हाधिकाऱ्यांकडे. धक्के आणि होड्यांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. काठची तिवरे वनखात्याकडे, त्यासाठी २०१२ पासून वेगळा कांदळवन कक्ष आहे. पाण्यातली मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची. नाल्यातून येणारे सांडपाणी महानगरपालिकेचे. कारखान्यांतून येणाऱ्या रंगीत पाण्यावर लक्ष ठेवायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने. वरून जाणारे पूल कुठे रेल्वेचे, कुठे एमएमआरडीएचे, कुठे बांधकाम खात्याचे. किनाऱ्यावर काही बांधायचे तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती हवी. आणि २०१६ पासून याच पाण्यातून जाणारा जलमार्ग दिल्लीशेजारी नोएडा येथे मुख्य कचेरी असलेल्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या कक्षेत गेला आहे.

आम्ही बी.कॉम. झालेले असल्यामुळे कोणतीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी पाहण्याची खोड आम्हांला आहे. खाडीचे खाते असे मांडले की चित्र लख्ख दिसते. रेतीची रॉयल्टी, होडीचा परवाना, जागेचे भाडे ही जमा. त्यातल्या प्रत्येक रकमेला धनी आहे. गाळ काढणे, पायऱ्या बांधणे, घाण पाणी शुद्ध करणे, बुडणाऱ्याला वाचवणे हे खर्चाचे. तिथे 'संबंधितांकडे' एवढाच शेरा. मग हे संबंधित कोण?

ही नदी म्हणजे उल्हास. राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली करत ठाण्याजवळ येते. तिथून मुख्य प्रवाह पश्चिमेला वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो आणि दुसरी वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे जाते. कल्याणपर्यंत भरतीचे पाणी चढते. म्हणूनच कल्याण हे बंदर झाले, आणि कल्याण, ठाणे, भिवंडी ही नावे सरकारच्या लहान बंदरांच्या यादीत आजही आहेत. वांद्रे गटात. कल्याण स्टेशनच्या पुलावरून रोज जा-ये करणाऱ्या आपल्या किती माणसांना ठाऊक आहे की आपण एका बंदरात राहतो?

दोन हजार वर्षांपूर्वी ते सगळ्यांना ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. एका लोहाराने वाट बांधून दिल्याचा आहे. हे कोणी राजे नव्हेत, आपल्यासारखे हातावर पोट असलेले कारागीर. त्यांनी भिक्खुसंघाला काय दिले, तर पाणी आणि वाट. वसईच्या खाडीच्या मुखाशी सोपारा. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून काढला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच सापडला. कल्याण ते सोपारा हा रस्ता तेव्हा पाण्यातूनच जात असणार. आज सरकारी कागदात त्याला 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३' म्हणतात एवढाच फरक.

त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे आणि तो आमच्या आजच्या विषयाला अगदी लागू पडतो. तो सांगतो की आधी कल्याणला रीतसर व्यापार चालत असे. पुढे बंदर दुसऱ्या सत्तेकडे गेले आणि तिथे अडथळे सुरू झाले. चुकून एखादे ग्रीक जहाज आलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. बंदर तेच, पाणी तेच, खलाशीही तेच. फक्त कारभार कोणाच्या हाती यावर गावचे दैव फिरले. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली, तेव्हा दैव परत फिरले. मग दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि खाडीकडे सगळ्यांनी पाठ फिरवली. नाल्यांची तोंडे मात्र तिच्याकडे वळवली.

अंबरनाथ-उल्हासनगरातून येणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हासला मिळते. तिचे पाणी कधी तांबडे तर कधी काळे, आणि वास असा की लोकलच्या डब्यात झोपलेला माणूस स्टेशन आल्याचे ओळखतो. या दोन नद्यांच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही एक मोठा प्रश्न हाच, की जबाबदार कोण? पालिका कारखान्यांकडे बोट दाखवणार, कारखाने सांडपाणी केंद्राकडे, केंद्र पालिकेकडे. आणि याच उल्हासमधून वरच्या अंगाला आपल्या लाखो लोकांचे पिण्याचे पाणी उचलले जाते.

कायद्यांची कमतरता नाही, हे आधी सांगून टाकतो. होड्यांसाठी मुंबई इलाख्यात १८६८ चा कायदा होता. बंदरांसाठी १९०८ चा होता, त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. स्वातंत्र्यानंतर लहान बंदरे राज्याकडे आली. गुजरातने १९८२ मध्ये स्वतंत्र सागरी मंडळ काढले. महाराष्ट्राला त्यानंतर चौदा वर्षे लागली. आपला सागरी मंडळ अधिनियम १९९६ चा. ७२० किलोमीटर किनारा आणि ४८ लहान बंदरे, असा त्याचा पसारा सांगितला जातो. मग २०१६ मध्ये संसदेने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला. देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले आणि त्यात कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसई खाडी व उल्हास नदी असा १४५ किलोमीटरचा आपला ५३ क्रमांक लागला. त्यासाठी आराखडा करण्याचे काम ठाणे महानगरपालिकेने घेतले. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, भाईंदर येथे धक्के बांधायचे ठरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई ते भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, रस्त्याने जो मोठा वळसा पडत असे तो वाचला. ही चांगली गोष्ट झाली, ती नाकारायचे कारण नाही. पण आम्ही हे लिहीत आहोत तोपर्यंत कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला बोटीने कामावर गेलेला माणूस आमच्या पाहण्यात नाही.

बोटीचा विषय निघाला की सभांतून एक वाक्य हमखास येते, की जलवाहतूक झाली म्हणजे लोकलची गर्दी संपेल. आम्हांला हे पटत नाही. दि. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या जागेपासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे बोटीची आठवण होणे साहजिक आहे. पण एक लोकल एका वेळी हजारो माणसे वाहते, बोट शे-दोनशे. लोकलला उत्तर म्हणजे जास्त लोकल, दुसरे काही नाही. बोटीच्या नावाखाली रेल्वेचा प्रश्न मागे पडता कामा नये. बोट हवी ती काल्हेर-भिवंडीच्या गोदामात हमाली करणाऱ्याला, पलीकडच्या गावातून शाळेत येणाऱ्या मुलीला, मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळणीला. त्यांचे भाडे परवडेल का, हे ठरवणार कोण? पुन्हा तेच, कारभार कोणाच्या हाती?

इथे परमपूज्य बाबासाहेबांच्या कामाचा एक भाग सांगणे भाग आहे, कारण आपल्यात तो फार कमी बोलला जातो. जयंतीच्या भाषणांत घटना येते, महाड येते, धम्मदीक्षा येते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती, हे सहसा येत नाही. १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर त्या नदीचे काय करायचे, यासाठी दि. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला केंद्र, बंगाल आणि बिहार सरकारांची बैठक झाली, ती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. पूर म्हणजे संकट, पाणी लवकर समुद्रात घालवा, ही जुनी इंजिनिअरी समजूत त्यांनी तिथे खोडून काढली. त्यांचे म्हणणे असे की पाणी ही संपत्ती आहे. ती धरून ठेवली तर त्याच पाण्यावर शेती भिजेल, वीज होईल आणि नावाही चालतील. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये जे एक प्राधिकरण स्थापन झाले होते, त्याचा नमुना त्यांच्यापुढे होता. अख्ख्या खोऱ्याला एक कारभारी, एक हिशेब. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला तो या विचारातून.

आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच खात्याखाली एक केंद्रीय आयोग स्थापन झाला. त्याचे नाव नीट वाचा: जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग. त्यात जलमार्ग आधी आहेत, पाटबंधारे नंतर. तो आयोग नावे बदलत आज केंद्रीय जल आयोग म्हणून चालू आहे. नावातला जलमार्ग गेला आणि नौकानयनही गेले. कारकून म्हणून आम्ही एवढे सांगू शकतो, की कार्यालयाच्या पाटीवरून जो शब्द पुसला जातो त्याची फाईल थोड्याच दिवसांत गोदामात जाते.

ज्यांनी घटनेची सातवी अनुसूची वाचली असेल त्यांना तीतही हे पाणी सापडेल. राष्ट्रीय ठरवलेले जलमार्ग संघसूचीत, बाकीचे अंतर्गत जलमार्ग राज्यसूचीत, यांत्रिक होड्यांचे नौकानयन समवर्ती सूचीत. केंद्राने आणि राज्याने मिळून काम करावे अशी सोय त्यात आहे. एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय आम्हीच शोधून काढली.

तेव्हा एक प्राधिकरण असावे, हे आमचे मत आहे. उल्हास आणि तिच्या दोन्ही खाड्या, वालधुनीसह, सगळ्यांचा मिळून एक सार्वजनिक कारभारी. पण इथे थांबलो तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल, कारण प्राधिकरण या शब्दाने भुरळ पडू देऊ नये हे मुंबईने आपल्याला शिकवले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर महिनाभरात मिठी नदीसाठी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. नदी जेमतेम अठरा किलोमीटरची, प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. त्यानंतर वीस वर्षे गाळ काढला जात होता. मे २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. आरोप असा, की गाळ काढण्याच्या कंत्राटांत ६५ कोटींहून अधिक रकमेचा घोटाळा झाला. खरेखोटे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. गाळ खरोखर निघाला की नाही हे नदीकाठच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाला रोज दिसत होते. त्याला कोणी विचारले होते का? प्राधिकरणाच्या टेबलाभोवती त्याची खुर्ची कुठे होती?

दामोदरबद्दलही हेच बोलले पाहिजे, भक्तिभावाने गप्प बसून चालणार नाही. त्या धरणांखाली आदिवासींची गावे गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाची तक्रार अजून मिटलेली नाही. खोऱ्याचा कारभारी एक झाला, पण खोऱ्यातला माणूस बाहेरच राहिला.

बाबासाहेबांच्याच कामात याचेही उत्तर आहे. दि. ७ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे मजूरमंत्री झाल्यावर महिन्याच्या आत, त्यांनी दिल्लीला त्रिपक्षीय परिषद भरवली. सरकार, मालक आणि मजूर, तिघे एका टेबलाशी. मजुरांबद्दल ठरवायचे तर मजूर समोर बसलेला हवा. गोदी कामगारांच्या झगड्यांमुळे मोठ्या बंदरांच्या मंडळांवर कामगारांना जागा मिळाल्या. मुंबईच्या बंदरात जे चालते ते कल्याणच्या खाडीत का चालू नये? आमची मागणी अशी आहे की खाडीच्या कारभारात मंत्री, सचिव, आयुक्त असतील ते असोत. पण त्यांच्याशेजारी हातपाटीने रेती काढणारा, कोळीवाड्यातला नाखवा, आगरी गावचा माणूस, काठावरच्या वस्तीतली बाई आणि लोकलचा पासधारक यांना मताच्या अधिकारासह जागा हवी. सल्लागार म्हणून नको. सल्लागार समितीचे इतिवृत्त कसे लिहितात ते आम्ही लिहिलेले आहे.

कोणी म्हणेल नगरसेवक आहेत की. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य निवडलेले हवेत असे सांगितले, ते ठीकच. पण २०२० नंतर कल्याण-डोंबिवलीत आणि २०२२ नंतर ठाण्यात कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात मावशींनी कोणाच्या दारात जायचे होते?

दुसरे, खर्च. जी रेती खाडीतून निघते तिच्या रॉयल्टीचा काही हिस्सा त्याच खाडीवर खर्च व्हावा, आणि वर्षातून एकदा जमाखर्च काठावरच्या गावांत, वस्त्यांत मोठ्याने वाचून दाखवावा. ग्रामसभेत वाचतात तसा. हातपाटीवाला पाण्यात बुडी मारून टोपलीभर रेती काढतो आणि सक्शन पंप रात्रीतून होडीच्या होडी भरतो. दोघांना एकच कायदा लावून पोलीस पकडतात तो बहुधा हातपाटीवाल्याला, कारण तो पळू शकत नाही. रेती कुठे किती निघाली हे जमाखर्चात वाचले गेले तर पंपवाल्याचे नाव निदान गावाच्या तोंडी तरी येईल.

हे अशक्य नाही. केरळात १९६८ पासून राज्याचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे आणि गरिबांना परवडेल अशा भाड्यात बोटी चालतात. जानेवारी २०१७ मध्ये देशातली पहिली सौर बोट त्यांनी सुरू केली, ७५ उतारूंची. ती कुठून सुटते ठाऊक आहे? वायकोमहून. जिथे १९२४-२५ मध्ये देवळाभोवतालच्या रस्त्यावरून अस्पृश्यांना चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला, तिथून. एप्रिल २०२३ पासून कोचीला बेटांवरच्या लोकांसाठी वॉटर मेट्रोही आहे. आपल्याकडे जेट्टीची चित्रे सुंदर रंगवतात, त्यात बोटीत बसलेली माणसे मात्र सगळी गोरीगोमटी आणि लॅपटॉपवाली.

एक गोष्ट राहिली. दि. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक खर्चाने चालणारी पाणवठे-विहिरी, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली ठिकाणे अस्पृश्यांना खुली. महाडच्या नगरपालिकेनेही तसे ठरवले. तरीही १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या माणसांना चवदार तळ्यावर स्वतः चालत जावे लागले. कायद्याने संस्था निर्माण होणे आणि पाणी आपले होणे यांत किती अंतर असते ते त्या वेळी मोजून झाले आहे.

मावशींच्या पिशवीचे पुढे काय झाले, ते विचाराल म्हणून लिहितो. आम्ही पाच अर्जांऐवजी एकच अर्ज लिहिला, पाचही कार्यालयांना उद्देशून, प्रत्येकाला इतर चौघांच्या उत्तराची झेरॉक्स जोडून. मागणी एकच: सर्वांनी एका दिवशी जागेवर येऊन संयुक्त पाहणी करावी आणि पायरी कोणाची ते तिथेच लिहून द्यावे. माहितीच्या अधिकारात त्याच्या कार्यवाहीचीही विचारणा केली. चार महिने गेले. मग तारीख मिळाली. पाचांपैकी तिघे आले. वस्तीतल्या पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या, मुलगाही होता, हात आता बरा आहे. तासभर टेप लावून मोजमाप झाले, आणि दिव्याचे काम त्यांच्यातल्या एकाने आपल्याकडे घेतले. तो दिवा आता लागतो. कठड्याचा अंदाजपत्रकासाठी प्रस्ताव गेला आहे. पायऱ्या कोणाच्या, हे अजून ठरायचे आहे. त्यासाठी जुना नकाशा मागवला आहे असे कळवतात.

पाहणीच्या वेळी तो रेतीवाला थोडा लांब होडीत उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. साहेब लोक निघाले तेव्हा त्याने आम्हांला हाक मारून सांगितले, "वरचे दगड मोजलेत त्यांनी. सुटलेले आहेत ते खालच्या चौथ्या पायरीपासून, ओहोटीला या, दाखवतो." आम्ही येत्या अमावास्येला, पाणी पूर्ण उतरल्यावर, कॅमेरा घेऊन जाणार आहोत. मावशींनी दोघा-तिघांना सोबत घ्यायचे कबूल केले आहे.